होमबिल्ट विमानाच्या काउलिंगवरचे फुगवटे आणि फेअरिंग: साचा, लेअप, फिटिंग

गगनभेद

नमस्कार मंडळी. किटवरून स्वतः बांधत असलेलं विमान दोन आसनी, अल्युमिनियमच्या पत्र्याचं. इंजिन लायकमिंग ओ-३२०. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, फायबरग्लासचं, वरचा आणि खालचा असे दोन भाग. शेड भोसरीत आहे. किटबरोबर आलेलं काउलिंग वेगळ्या एक्झॉस्टसाठी बनवलेलं असल्यामुळे तीन जागी काम निघालंय. डावीकडच्या पुढच्या सिलिंडरच्या रॉकर कव्हरवर एक फुगवटा, अल्टरनेटरच्या पुलीसमोर एक छोटा फुगवटा, आणि तळाला एक्झॉस्टच्या दोन नळ्या बाहेर पडतात तिथे नवं फेअरिंग (हवा सुरळीत वाहावी म्हणून लावायचं आवरण).

जाणकारांना प्रश्न असे: आधी काउलिंग बसवायचं की आधी फुगवटे करायचे? अंतर किती सोडायचं? पुण्यात मिळणारं रेझिन आणि काचेचं कापड चालेल का, आणि पावसाळ्यात लेअप (कापडाचे थर रेझिनमध्ये भिजवून बसवणं) करावा का? शेवटचा प्रश्न, पियानो बिजागरी (लांब पट्टीसारखी, पिन ओढून सुटणारी) की क्वार्टर-टर्न फासनर (पाव फेरीत उघडणारे)?

---

काचतंतू

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून त्यावरच सविस्तर लिहितो. फुगवटे सर्वात शेवटी. इंजिन माउंटचे बोल्ट पूर्ण टॉर्कला, एक्झॉस्ट, अल्टरनेटर, बॅफलचे (थंड हवा सिलिंडरवरून वळवणारे) पत्रे, ऑइल कूलर, तारा आणि होज सगळं जागेवर, आणि काउलिंग फायरवॉलला (इंजिन आणि बाकी विमान यांच्यातल्या पडद्याला) पक्कं बसलेलं. एवढं झाल्याशिवाय भोक पाडायला घेऊ नका. एक होज नंतर बदलली तरी फुगवट्याची जागा हलते.

बेस फिटिंगचा क्रम:

प्रॉपेलर लावू नका. स्पिनरच्या (प्रॉपेलरच्या मध्यावरच्या टोपीच्या) बॅकप्लेटएवढ्या व्यासाची १२ मिमी प्लायची चकती कापा. प्रॉपेलरच्या जागी बरोबर जाडीचा स्पेसर घालून ती फ्लॅंजला (इंजिनाला प्रॉपेलर जोडतात त्या चकतीला) बोल्टने आवळा. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात चांगल्या प्लायचे उरलेले तुकडे मिळतात. चकती फिरवून पाहा, काठ डगमगता कामा नये. चकतीच्या मागच्या बाजूला ६ मिमी जाडीचे तीन-चार लाकडी ठोकळे चिकटवा. काउलिंगचं तोंड त्यांना टेकलं की स्पिनर आणि काउलिंग यांच्यातली फट आपोआप मिळते. ६ मिमीपेक्षा कमी फट ठेवू नका, कारण रबरी माउंटवर इंजिन पुढेमागेही हलतं.

आता उंची. नवे रबर माउंट पहिल्या काही तासांत बसतात आणि इंजिनाचं नाक खाली येतं. म्हणून स्पिनर काउलिंगच्या तोंडापेक्षा सुमारे ३ मिमी वर राहील असं बसवा. आज तंतोतंत जुळवलंत, तर पुढे स्पिनर खाली लोंबल्यासारखा दिसेल आणि माउंटमध्ये वॉशर घालत बसावं लागेल.

मागची कड कापताना थेट फायरवॉलवरून रेघ मारता येत नाही, कारण काउलिंग तिच्यावर आलेलं असतं. फ्युजलाजवर (विमानाच्या धडावर) फायरवॉलच्या कडेपासून बरोबर १०० मिमी मागे मास्किंग टेपची रेघ काढा. काउलिंग वर ठेवा, चकतीला टेकवा, पट्ट्याने आवळा, आणि त्या रेघेपासून पुढे १०० मिमी मोजत दर ५० मिमीवर काउलिंगवर खूण करा. लवचीक पट्टीने खुणा जोडा. रेघेच्या २ मिमी बाहेरून कापा आणि उरलेलं लांब सँडिंग ब्लॉकला ८० नंबरचा कागद लावून घासत आणा. फट शेवटी १ मिमीच्या आसपास हवी. प्रायमर आणि रंगाचे थर दोन्ही कडांवर चढतात. आज कागदही जात नाही अशी फट ठेवलीत तर रंगानंतर काउलिंग चढणार नाही आणि कडेचा रंग पहिल्याच दिवशी उडेल.

---

गगनभेद

खूप आभार. चकतीची कल्पना उत्तम. इंजिन खाली बसणार असेल तर तळाच्या एक्झॉस्टपाशी ते ३ मिमी जास्तीचे धरायचे ना?

---

काचतंतू

हो. तळाला जेवढं अंतर लागतं त्यात ते मिळवा. वरच्या बाजूला उलट, तिथे अंतर वाढत जाईल.

---

वैमानिका

अंतराबद्दल. माझे आकडे असे: एक्झॉस्टच्या नळीपासून काउलिंगपर्यंत किमान २५ मिमी, जमलं तर जास्त. रॉकर कव्हर, पुली, इग्निशन हार्नेस अशा इतर भागांपासून किमान १२ मिमी. सुरू होताना आणि बंद होताना इंजिन सर्वात जास्त हलतं, उडताना नाही. त्यामुळे "उभ्या विमानावर लागत नाही" हा पुरावा पुरेसा नाही.

मोजायची पद्धत सोपी. संशय असलेल्या प्रत्येक जागी मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचा गोळा चिकटवा आणि त्यावर पॉलिथिनचा तुकडा टाका. काउलिंग बसवा, सगळे फासनर लावा, मग काढा. दबलेल्या गोळ्यात टाचणी खुपसून जाडी मोजा. नंतर दोघांनी मिळून प्रॉपेलरच्या फ्लॅंजला धरून इंजिन वर-खाली आणि डावी-उजवीकडे दाबायचं, पुन्हा मोजायचं. मॅग्नेटोचा (स्पार्क प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राचा) स्विच बंद आणि स्पार्क प्लगच्या लीड काढलेल्या असल्याशिवाय फ्लॅंजला हात लावू नका.

बॅफलच्या पत्र्यांसाठी आणखी एक युक्ती. पत्र्याच्या वरच्या काठावर दर ३०-४० मिमीवर साध्या कागदाच्या क्लिपा उभ्या खोचा, थोड्या वर काढून ठेवा. वरचं काउलिंग अलगद बसवून उचला. जिथे काउलिंग टेकलं तिथे क्लिप खाली सरकलेली असते. क्लिपच्या वरच्या टोकापासून १० ते १२ मिमी खाली पत्रा कापायचा. वरची फट सिलिकॉनची पट्टी भरून काढते. हे काम फुगवट्याच्या आधी करा. नाहीतर फुगवट्याखालचा बॅफल उघडा राहतो आणि हवा तिथूनच निसटते.

---

पफस्लॅब

आता फुगवट्याचा साचा. साचा वेगळा करायची गरज नाही, काउलिंगवरच करा.

जिथे लागतंय तिथे आतून उजेड पाडा. जेलकोट (बाहेरचा रंगीत रेझिनचा थर) नसेल तर फायबरग्लासमधून प्रकाश दिसतो आणि रॉकर कव्हरची सावली बाहेरून आखता येते. त्या आकाराभोवती १५ मिमी सोडून भोक कापा, कोपरे गोल. काउलिंग इंजिनावर बसवा. आता भोकातून रॉकर कव्हर दिसतं. त्यावर लागणाऱ्या अंतराएवढा, म्हणजे १२ ते १५ मिमी जाडीचा फोमचा तुकडा दुहेरी टेपने चिकटवा. तो वर जिथवर येतो ती फुगवट्याची आतली उंची. आजूबाजूला फोमचे मोठे तुकडे भरा आणि ८० नंबरच्या कागदाने घासून आकार द्या.

फोम म्हणजे शीतगृहांच्या इन्शुलेशनला वापरतात तो पफ, घनता ३२ ते ४० किलो प्रति घनमीटर. पिंपरी-चिंचवडमध्ये स्लॅब सहज मिळतो. हॅक्सॉ ब्लेडने कापतो आणि हाताने घासला जातो. थर्माकोल इपॉक्सीला चालतो, पण पॉलिएस्टर रेझिन लागलं की विरघळतो, शिवाय त्याचे दाणे निघतात. पफ कधीही गरम तारेने कापू नका, त्यातून विषारी वायू निघतो. गरम तार फक्त थर्माकोलला.

आकाराबद्दल: पुढचा उतार आखूड चालतो, मागचा लांब हवा. ३० मिमी उंच फुगवट्याला मागे किमान १५०-२०० मिमी उतार द्या. मागचा उतार तुटक असला की प्रवाह तिथे सुटतो आणि तो भाग थरथरतो. वरून पाहिलं तर थेंबाचा आकार, रुंद भाग पुढे आणि निमुळता मागे.

फोमवर पॅकिंगची चिकटटेप सुरकुत्या न पडू देता लावा, त्यावर वॅक्सचे चार-पाच हात, प्रत्येक हात पुसून चमकवलेला. फोमच्या बाहेर काउलिंगवर मात्र वॅक्सचा कणही जाता कामा नये. तिथे कापड चिकटायचं आहे. म्हणून वॅक्स लावताना भोवतालचं काउलिंग कागदाने झाका.

---

काचतंतू

वरच्यात भर. भोकाच्या कडेला काउलिंगचा बाहेरचा थर तिरका घासून उतार द्या. काउलिंगच्या जाडीच्या वीसपट रुंदी. जाडी २ मिमी असेल तर ४० मिमी. जेलकोट किंवा प्रायमर पूर्ण जाऊन काच दिसली पाहिजे आणि चकाकीचा एकही ठिपका उरू नये. मग आयसोप्रॉपिल अल्कोहोलने पुसा, दर पुसण्याला नवं फडकं.

कापड चौरस मीटरला २०० ग्रॅमचं ट्विल (तिरक्या विणीचं) घ्या. ट्विल वळणावर बसतं, साधं विणकाम ताठ राहतं. बाजारात टाक्या आणि पत्र्यासारखी शीट बनवणाऱ्यांकडे चॉप्ड स्ट्रँड मॅट (काचतंतूंच्या तुकड्यांची चटई) जास्त दिसते. ती इथे नको. तिचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनने विरघळावा असा असतो, इपॉक्सीत ती नीट भिजत नाही, रेझिन जास्त पिते आणि वजन वाढवते.

मात्रेचा हिशोब उदाहरणाने. फुगवटा २०० बाय १२० मिमी, भोवती ५० मिमी ओव्हरलॅप धरून कापडाचा तुकडा ३०० बाय २२० मिमी. सहा थर म्हणजे सुमारे ०.४ चौरस मीटर, काच ८० ग्रॅम. हाताने लेअप करताना रेझिन काचेएवढं लागतं. ब्रशमध्ये आणि वाटीत उरणारं धरून ११० ग्रॅम रेझिन आणि ११ ग्रॅम हार्डनर. ५०-५० वजनाच्या प्रमाणात २०० ग्रॅमचा एक थर साधारण पाव मिमी होतो, म्हणजे सहा थरांना दीड मिमी.

थर लहान-मोठे कापा. पहिला सर्वात मोठा, पुढचा प्रत्येक १० मिमीने आत. आड-उभा आणि ४५ अंश असे आळीपाळीने. शेवटच्या थरावर पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), मग पॉलिथिन, त्यावरून रबरी स्क्वीजीने मधून बाहेर. पील प्लायमुळे दुसऱ्या दिवशी घासायचं काम निम्मं होतं आणि पुढचा थर चिकटायला पृष्ठभाग तयार मिळतो.

सहापैकी चार थर बाहेरून, दोन आतून. बाहेरचं घट्ट झाल्यावर काउलिंग काढा, फोम खरवडून काढा, टेप ओढून काढा, वॅक्सचा डाग घासून टाका. मग आतून दोन थर भोकाच्या कडेवर ४० मिमी चढवून. आतले दोन थर टाळले की फुगवटा काउलिंगवर फक्त वरून चिकटलेला राहतो आणि इंजिनाच्या थरथरीने कडेला बारीक भेग पडते. रंगात भोवती गोल चीर दिसते ती याचीच.

---

हडपसरी

रेझिन कोणतं ते कुणी लिहिलं नाही. आपल्याकडे सहज मिळतात ती दोन: लॅपॉक्स एल-१२ आणि के-६ हार्डनर, किंवा अ‍ॅराल्डाइट एलवाय ५५६ आणि एचवाय ९५१. दोन्हींचं प्रमाण वजनाने १०० ला १०. चमच्याने किंवा वाटीने मोजू नका, घनता वेगळी आहे. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा. ११ ग्रॅम हार्डनरमध्ये २ ग्रॅमची चूक म्हणजे जवळजवळ वीस टक्के, आणि जास्त हार्डनर घातल्याने जास्त मजबूत होत नाही. भाग ठिसूळ होतो आणि उष्णता कमी सोसतो.

दोन्ही हार्डनर अमाइन आहेत. कातडीला लागून एकदा अ‍ॅलर्जी सुरू झाली की ती आयुष्यभर राहते. नायट्राइल हातमोजे घाला, आणि हात अ‍ॅसिटोनने कधीही धुऊ नका.

---

गगनभेद

पॉलिएस्टरच्या मूळ काउलिंगवर इपॉक्सी धरेल का?

---

हडपसरी

धरेल, नीट घासलं तर. उलट मात्र नाही, घट्ट झालेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर भरवशाने धरत नाही. म्हणून एकदा इपॉक्सीवर आलात की पुढची प्रत्येक दुरुस्ती इपॉक्सीनेच.

शंका असेल तर काउलिंगच्या कापलेल्या कचऱ्यावर चाचणी घ्या. २५ मिमी रुंद दोन थरांची पट्टी चिकटवा आणि एक टोक मोकळं ठेवा. सात दिवसांनी पकडीने ओढा. काचेचे तंतू खालच्या तुकड्यावर चिकटून राहिले तर सांधा चांगला. पट्टी स्वच्छ, चकचकीत सुटली तर घासणं कमी पडलं किंवा वॅक्स गेलं. अनोळखी दुकानातलं कापडही असंच तपासा, कारण त्याच्या तंतूंवरचा लेप (सायझिंग) इपॉक्सीला योग्य आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही.

---

वैमानिका

पावसाळ्याचा प्रश्न राहिला. जून ते सप्टेंबर पुण्यात लेअप करता येतो, पण तयारीशिवाय नाही. अमाइन हार्डनर हवेतली आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड धरतो आणि पृष्ठभागावर चिकट, मेणचट थर येतो. त्यावर दुसरा थर टाकला की तो पुढे कधीतरी सोलून येणार. तो थर पाण्यात विरघळणारा आहे, म्हणून कोमट पाणी आणि हिरव्या स्क्रबरने धुवायचा, कोरडा करायचा, मग घासायचं. आधी घासलं तर तो कागदावर आणि खोबणीत पसरतो. अ‍ॅसिटोनने पुसून तो जात नाही.

कापड दमट होतं. प्लायची पेटी करा, आत दोन जुन्या पद्धतीचे तंतूचे १०० वॉटचे दिवे किंवा पोल्ट्रीत वापरतात ते सिरॅमिक हीटर, आणि एक थर्मोस्टॅट. एलईडी दिव्याने ऊब मिळत नाही. होल्डर आणि थर्मोस्टॅट बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मिळतात. कापड ४०-४५ अंशांवर काही तास ठेवून थेट टेबलावर घ्या. हार्डनरचं झाकण ओतताना उघडा आणि लगेच बंद करा.

एप्रिल-मे मध्ये अडचण उलटी. तापमान दर १० अंशांनी वाढलं की काम करायचा वेळ साधारण निम्मा होतो. पहाटे सहाला सुरू करा, एका वेळी ५०-६० ग्रॅमच मिसळा, आणि मिसळल्यावर वाटीत न ठेवता पसरट ट्रेमध्ये ओता. वाटीतलं १०० ग्रॅम स्वतःच्याच उष्णतेने धुरायला लागतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १०-१२ वर येतो, रेझिन मधासारखं घट्ट होतं आणि कापडात शिरत नाही. मिसळण्याआधी बाटली कोमट पाण्यात ठेवा, लेअपनंतर भागावर तीच दिव्यांची पेटी पालथी घाला.

---

काचतंतू

पोस्ट-क्युअरवर (घट्ट झालेला भाग पुन्हा सावकाश तापवण्यावर) जोर द्यावासा वाटतो, कारण फुगवटे वितळल्यासारखे बसतात ते यामुळेच. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेलं इपॉक्सी हाताला दगडासारखं लागतं, पण त्याची मऊ पडायची मर्यादा क्युअरच्या तापमानापेक्षा थोडीच वर असते. उड्डाणात हवा वाहत असते तोवर ठीक. इंजिन बंद केलं की हवा थांबते, सिलिंडर आणि एक्झॉस्टची उष्णता वर चढते आणि वरचं काउलिंग तेव्हा सर्वात गरम होतं. त्यात मे महिन्याचं ऊन आणि गडद रंग. काउलिंगला पांढरा किंवा फिकट रंगच द्या.

पद्धत: भाग फायरवॉलवर बसवलेल्या अवस्थेत किंवा त्याच आकाराच्या प्लायच्या घोडीवर. टेबलावर सपाट ठेवून गरम केलात तर तो तसाच वाकून बसेल. प्लाय आणि ग्लासवूलची पेटी भोवती उभी करा. तासाला १० अंश या गतीने ८० पर्यंत चढवा, चार तास ठेवा, तितक्याच सावकाश उतरवा. तापमान भागाच्या पृष्ठभागावर मोजा, पेटीच्या हवेत नव्हे. आणि मूळ काउलिंगचं रेझिन किती सोसतं हे किटच्या कागदपत्रांत पाहून मगच ८०, नाहीतर ६० वर जास्त वेळ. विमानावरच गरम करणार असाल तर टाक्या आणि नळ्या इंधनरहित, वाफ गेलेली, आणि शेडमध्ये सतत एक माणूस.

---

शीतलहवा

तळाच्या फेअरिंगबद्दल लिहितो. इथे दिसण्यापेक्षा कूलिंग मोठं आहे. एक्झॉस्टच्या नळ्यांभोवतीची तळाची मोकळी जागा हीच सिलिंडरवरून आलेल्या हवेची बाहेर पडायची वाट. नवं फेअरिंग सुंदर, निमुळतं करण्याच्या नादात ती वाट अरुंद केली की सिलिंडर हेड तापणार.

बाहेर पडणाऱ्या हवेचं तोंड आत येणाऱ्या तोंडापेक्षा किमान एक-तृतीयांश मोठं ठेवा, आणि त्यात नळ्यांनी व्यापलेली जागा वजा करून मोजा. कागदाचा टेंप्लेट लावून, चौकटीच्या कागदावर आखून क्षेत्रफळ काढा, अंदाज नको.

पुण्यासाठी हे जास्त लागू पडतं. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. ३५ अंश तापमानाला घनतेची उंची, म्हणजे हवेच्या विरळपणावरून धरलेली उंची, जवळपास ४,६०० फूट भरते. वेगमापकाने दाखवलेल्या १०० नॉट वेगाला पुढच्या तोंडावर मिळणारा दाब सगळीकडे सारखाच, सुमारे १६५ मिमी पाण्याचा. पण हवा विरळ आणि आधीच गरम, म्हणून त्याच दाबात कमी वजनाची हवा सिलिंडरवरून जाते. थंड प्रदेशातल्या कुणी वापरलेलं अरुंद तोंड बघून नक्कल करू नका. लायकमिंगची सिलिंडर हेडची कमाल मर्यादा ५०० फॅरनहाइट, म्हणजे २६० सेल्सिअस, पण ती रोज गाठायची नाही. दीर्घ आयुष्यासाठी क्रूझमध्ये (सरळ, स्थिर उड्डाणात) ४०० फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे २०५ सेल्सिअसच्या, आसपास किंवा खाली ठेवा.

फायरवॉलच्या खालच्या कोपऱ्यावर हवा काटकोनात आदळते. तिथे अल्युमिनियमचा वाकवलेला पत्रा लावा, त्रिज्या ५० मिमी किंवा जास्त. फक्त वाट मोठी करण्यापेक्षा याचा फायदा अनेकदा जास्त होतो, आणि तळाला लोंबणारं फेअरिंग लहान राहतं.

फेअरिंगच्या नळीजवळच्या काठाला आतून ०.४ मिमी स्टेनलेसचा पत्रा, आणि पत्रा व फायबर यांच्यात ६ मिमी हवेची फट. पत्रा थेट फायबरला चिकटवला तर तो उष्णता अडवत नाही, पोचवतो. बाकीच्या आतल्या पृष्ठभागावर चिकटणारी अल्युमिनियम फॉइल, कडा उच्च तापमानाच्या सिलिकॉनने बंद करून. कडा उघड्या राहिल्या तर तेल फॉइलखाली शिरतं.

बॅफलच्या सिलिकॉन पट्ट्या आतल्या, म्हणजे दाबाच्या बाजूला झुकलेल्या हव्यात. दाब वाढला की त्या काउलिंगला आणखी घट्ट चिकटतात. उलट्या बाजूला दुमडलेली एक पट्टीसुद्धा बरीच हवा फुकट घालवते. फुगवट्याच्या जागी पट्टी जास्त रुंद कापा आणि वळणावर चिरा देऊन एकमेकींवर चढवा.

---

नटबोल्ट

फासनर. वरच्या-खालच्या भागाच्या आडव्या सांध्याला आणि फायरवॉलला पियानो बिजागरी सुंदर दिसते, बाहेर काहीच दिसत नाही. पण एक्झॉस्टच्या बाहेर पडण्याच्या जागेजवळ बिजागरीचे डोळे थरथरीने तुटतात. म्हणून मिश्र पद्धत सुचवतो: बाजूंना बिजागरी, तळाला आणि वरच्या वळणावर क्वार्टर-टर्न.

बिजागरी एक्स्ट्रूड केलेली घ्या, पत्रा गुंडाळलेली इथे नको. पिन सुमारे २.३ मिमी स्टेनलेसची, टोक गोळीसारखं घासून पॉलिश केलेलं. नाहीतर ती प्रत्येक डोळ्यात अडते. पिनचं बाहेरचं टोक वळवून स्क्रूखाली अडकवायची सोय आधीच ठरवा. सुटी पिन पुढे सरकली तर थेट प्रॉपेलरकडे जाते.

रिव्हेट ३/३२ इंची, काउंटरसंक, अंतर २५ ते ३० मिमी. भोक प्रथम ४० नंबरच्या ड्रिलने, सुमारे २.५ मिमी, प्रत्येक भोकात चांदीच्या रंगाचा क्लेको (तात्पुरती पकड). आधी मधलं भोक, मग दोन टोकं, मग उरलेली. एका टोकाकडून सुरू केलं की काउलिंग लाटेसारखं उठतं. रिव्हेट करण्याआधी बिजागरी आणि फायबर यांच्यात इपॉक्सी आणि कापसाच्या तंतूंची पेस्ट लावा, म्हणजे भार फक्त रिव्हेटवर राहत नाही. फायबरच्या काठापासून भोकाचं केंद्र रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट आत हवं. फायबरमध्ये मी तिप्पट धरायला सांगतो, तिथे कड लवकर चिरते.

क्वार्टर-टर्न ७५ ते १०० मिमीवर. स्टडची लांबी काउलिंगच्या जाडीवर ठरते, म्हणून कडेला दोन थर वाढवून झाल्यावरच जाडी मोजा आणि मग मागवा. आधी मागवलेले बहुधा आखूड पडतात. दोन्ही प्रकारांत माल विमानाच्या प्रमाणपत्राचाच. रविवार पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानातून घोड्या आणि क्लॅम्प जरूर आणा, बिजागरी आणि रिव्हेट नाही.

---

गगनभेद

अल्टरनेटरसमोरचा छोटा फुगवटा अल्युमिनियमचा ठोकून केला तर? नाना पेठेच्या बाजूला डेंटिंगचं उत्तम काम करणारे कारागीर आहेत.

---

नटबोल्ट

करता येतो आणि छान होतो. ३००३ किंवा ११०० मिश्रधातूचा मऊ पत्रा, ०.८ मिमी, वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरीने. २०२४-टी३ नको, तो ठोकताना चिरतो. ठोकत गेलं की पत्रा ताठ होतो, तेव्हा पुन्हा मऊ करायचा. पत्र्यावर साध्या साबणाची रेघ ओढा आणि मागून मोठ्या, पसरट ज्योतीने तापवा. रेघ काळपट तपकिरी झाली की थांबा. आणखी तापवलं तर अल्युमिनियम लाल न होताच कोसळतो. मग फायबरवर रिव्हेट आणि पेस्ट. काउलिंग कार्बनचं असेल तर मात्र मध्ये काचेचा एक थर हवाच, नाहीतर अल्युमिनियम गंजत जातं.

---

पफस्लॅब

फिनिशिंग थोडक्यात. बारीक छिद्रं रंगाने बुजत नाहीत, उलट उठून दिसतात. भाग थोडा गरम करा, पातळ इपॉक्सी क्रेडिट कार्डासारख्या पट्टीने दाबून फिरवा, थंड होताना ते छिद्रात ओढलं जातं. दोनदा करा. खोलगट जागी इपॉक्सी आणि मायक्रोबलून (पोकळ, बारीक कणांची भुकटी), पातळ थर. गाड्यांच्या डेंटिंगची लांबी (पुट्टी) वापरू नका. ती पॉलिएस्टरची, जड, आणि काउलिंगच्या लवचीक पृष्ठभागावर जाड थरात तडकते. घासताना साधा रुमाल पुरत नाही, काचेच्या धुळीसाठी घट्ट बसणारा एन-९५.

---

वैमानिका

पहिल्या रनच्या आधी प्रत्येक फुगवट्याच्या आतल्या बाजूला तापमान दाखवणारे, रंग एकदाच बदलणारे स्टिकर लावा. एक ६० ते ९० अंशांच्या पट्ट्यातला, एक त्यावरचा. रॉकर कव्हर आणि पुलीच्या टोकांवर लिपस्टिकचा ठिपका लावा. काउलिंगला घासलं तर आत खूण उमटते. पहिल्या काही उड्डाणांनंतर दर वेळी काउलिंग काढून बघा: तपकिरी छटा, फुगलेला रंग, घासल्याची चमक, कडेची चीर. तपकिरी छटा दिसली तर फॉइलने झाकू नका, आधी अंतर वाढवा.

वजनही नोंदवा. समजा फेअरिंग आणि शील्ड मिळून ०.६ किलो वाढलं, गुरुत्वमध्यापासून १.२ मीटर पुढे, विमान ७०० किलोचं, तर मध्य सुमारे १ मिमी पुढे सरकतो. बदल लहान आहे, पण तळाचं फेअरिंग, फॉइल, फासनर एकेक करून वाढत जातात आणि सगळं नाकाशीच. दोन्ही भाग आधी आणि नंतर तोला, आकडा वेट अँड बॅलन्सच्या कागदावर चढवा आणि तपासणी करणाऱ्या इंजिनिअरला दाखवा.

---

गगनभेद

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलेला क्रम असा: चकतीवर बेस फिटिंग, क्लिपांनी बॅफल, क्लेने अंतर, कचऱ्यावर ओढण्याची चाचणी, मग रॉकर कव्हरचा फुगवटा फायबरचा आणि पुलीचा अल्युमिनियमचा, शेवटी तळाचं फेअरिंग. लेअप ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एक राहिलं: तळाच्या फेअरिंगमध्ये कडकपणासाठी फोम आतच ठेवला तर चालेल का?

---

शीतलहवा

नाही. इंजिनाच्या बाजूला फोम अजिबात ठेवू नका. पफ जळतो, आणि तेल-पेट्रोल शोषून घेतो ते वेगळंच. कडकपणा हवा असेल तर आतून २० मिमी उंचीची अर्धगोल बरगडी करा. रबरी नळी उभी अर्धी चिरून तिच्यावर तीन थर घाला, घट्ट झाल्यावर नळी ओढून काढा. आणि विमान जमिनीवर उभं असताना तळाच्या फेअरिंगचा जो सर्वात खालचा बिंदू येईल तिथे ८ मिमीचं निचऱ्याचं भोक पाडा. बरगडीमागे खळगा होत असेल तर तिथे दुसरं. कार्ब्युरेटरमधून ठिबकलेलं इंधन साचायला जागा राहता कामा नये. भोकाचं तोंड एक्झॉस्टच्या नळीपासून लांब आणि तिच्या ओळीत, पुढे किंवा मागे, येणार नाही अशा बाजूला घ्या, कारण बाहेर पडलेलं इंधन प्रवाहाबरोबर मागेच जातं.

---

गगनभेद

समजलं. बरगडी आणि भोकं आराखड्यात घेतली. भोकाची जागा विमान तीन चाकांवर उभं करून, तळाला थोडं पाणी ओतून ठरवतो.

---

शीतलहवा

बरोबर. तेव्हा इंधन टाक्या अर्ध्या आणि टायरमध्ये नेहमीची हवा असू द्या, नाहीतर नाकाचा कोन वेगळा येईल.